पिशवीतली पाच नावं

परवा रात्री शाळेच्या ग्रुपवर वाद पेटला. आमचा एक मित्र बरीच वर्षं अमेरिकेत आहे. तिकडे 'सेव्ह ॲक्ट' नावाचं विधेयक एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं. मतदार म्हणून नाव नोंदवायचं असेल तर पासपोर्ट, जन्मदाखला असा नागरिकत्वाचा कागद दाखवा, असं त्यात आहे. त्यावरून तिकडे रान उठलंय. मित्राचं म्हणणं असं, की भारतात ९६ कोटींहून जास्त मतदार आहेत, सगळे ओळखपत्र दाखवूनच मत देतात, मग अमेरिकेत कुणाच्या पोटात का दुखावं? ग्रुपवर पटापट अंगठे पडले. मला उत्तर सुचत होतं, पण ते दोन ओळींत मावेना. म्हणून इथे लिहितोय.

माझं सोलापुरात अशोक चौकाजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. शहराच्या पूर्व भागातल्या किती घरांचे कागद माझ्या मशीनच्या काचेवरून गेले, हिशेब नाही.

७ मे २०२४, सोलापूर लोकसभेचं मतदान. ऊन असं की चौकात चिटपाखरू नाही. मी शटर अर्धं खाली ओढून आत बसलो होतो. तेवढ्यात एक अक्का वाकून आत आल्या. वय अठ्ठावन्न. जन्म विड्या वळण्यात गेलेला. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तोंडाला रबरबँड लावलेलं. साखर पेठेतल्या जुन्या केंद्रावर गेल्या होत्या, यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं होतं.

"अण्णा, कार्ड हाय की माझ्याकडं! दरवेळी ह्याच कार्डावर मत टाकते मी."

मी पिशवीतले कागद काउंटरवर मांडले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आडनाव तेलुगू पद्धतीने आधी. रेशनकार्डावर लग्नात बदललेलं नाव, पुढे नवऱ्याचं. विडी कामगाराच्या ओळखपत्रावर त्याच नावाला 'बाई' जोडलेलं. मतदार कार्डावर 'बाई'च्या जागी 'अम्मा'. आणि आधारवर 'ट'चा 'त' झालेला, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उलटं आलेलं. पाच कागद, पाच नावं, बाई एकच.

आधार दुरुस्त करून घ्या म्हणालो, तर त्यांनी बोटं पुढे केली. चाळीस वर्षं तेंदूपत्ता दुमडून पेरं गुळगुळीत झालेली. एकदा जाऊन आल्या होत्या, ठसा उठला नव्हता.

पण नाव गेलं होतं ते यामुळे नाही. त्या भाड्याची खोली सोडून कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, राहायला गेल्या होत्या. म्हणजे शहर सोडून दक्षिण सोलापूर तालुक्यात. जुन्या घरी कुणीतरी विचारायला आलं असणार, शेजाऱ्यांनी खरं तेच सांगितलं असणार, की त्या इथे राहत नाहीत. नाव निघालं. नवीन जागी नोंदवायला हवं, हे अक्कांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मतदानाच्या दिवशी नाव चढवता येत नाही. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादी बंद. तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल तर निदान 'प्रदत्त मत' मागता येतं, मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात जाते. यादीतच नाव नसेल तर हातात दहा कार्डं असली तरी उपयोग शून्य.

मित्राला मला हेच सांगायचंय. आपण केंद्रावर कार्ड दाखवतो हे खरं. फोटोचं कार्ड १९९३ पासून, टी. एन. शेषन यांच्या काळापासून आलं. पण त्या कार्डाच्या मागे सरकारने स्वतःच्या अंगावर घेतलेलं काम किती आहे! यादी सरकारने करायची, बीएलओने, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, घरी यायचं, कार्ड फुकट द्यायचं, केंद्र दोन किलोमीटरच्या आत ठेवायचं. कार्ड हरवलं तर आधार, पॅन, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड असं काहीही चालतं. कार्डावर अक्षराची किरकोळ चूक असली आणि ओळख पटत असली तर मतदाराला अडवू नका, असा निवडणूक आयोगाचाच आदेश आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नाव नोंदवणं हे ज्याचं त्याने करायचं काम आहे आणि देशभर चालेल असं एकच सरकारी ओळखपत्र सगळ्यांकडे नसतं. तिथे कागदाची अट घातली की अख्खं ओझं माणसाच्या डोक्यावर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा जन्मदाखला जुळणार नाही, ही तिथल्या विरोधकांची एक मोठी तक्रार आहे. ती वाचली आणि मला अक्कांची पिशवी आठवली.

कागद मागायला माझा विरोध नाही. जो कागद मागतो त्याने तो घरपोच द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. इतकी वर्षं आपण साधारण तसंच चालवलं. आता हळूहळू उलटं होतंय की काय, ही मला भीती आहे.

बिहारमध्ये जून २०२५ मध्ये यादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांना अकरा कागदांपैकी एखादा मागितला. त्या अकरांत ना आधार होतं, ना खुद्द आयोगाने दिलेलं मतदार कार्ड! १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. ती नावं कारणांसह जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला सांगावं लागलं. आधार बारावा कागद म्हणून धरा, हा आदेश ८ सप्टेंबरला आला. हीच तपासणी देशभर करायची असं आयोगाच्या मूळ आदेशातच आहे. म्हणजे कुंभारीचा, नई जिंदगीचा, नीलम नगरचा नंबर लागणारच.

खोटी नावं, दुबार नावं नाहीतच असं मी म्हणणार नाही. माझे वडील वारल्यावर सहा वर्षं त्यांचं नाव यादीत होतं. आम्हीच कळवलं नव्हतं. शेवटी मी स्वतः नाव काढायचा फॉर्म ७ भरला. भरताना हात जड झाला, पण ते काम घरच्यांनीच करायचं असतं. यादी स्वच्छ हवी, यात दुमत नाही. पण मेलेल्याचं नाव राहिलं तर त्याच्या नावावर मत टाकायला कुणाला तरी केंद्रात येऊन, शाई लावून, एजंटांच्या डोळ्यांसमोर खोटं बोलावं लागतं. जिवंत बाईचं नाव गेलं तर तिला दारातूनच परत पाठवतात, आणि कुणाला काही खटकतही नाही. या दोन चुका एका तराजूत कशा घालायच्या?

कायदाही तेच सांगतो. नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ज्याचं नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या नोंदीला वजन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच लाल बाबू हुसेन खटल्यात सांगितलंय. पण नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तर राहायला गेलेल्या माणसाला ती मिळणार कशी?

आणि बायकांच्या नावाचं दुखणं आजचं नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशाच नोंदी झाल्या. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. नाव सांगा म्हणून मुदत दिली, तरी सुमारे २८ लाख नावं वगळावी लागली. तेव्हा नाव एकही नव्हतं. आता पाच-पाच आहेत, आणि त्यातलं एकही तिने स्वतः लिहिलेलं नाही. कधी मास्तरांनी लिहिलं, कधी सासरच्यांनी, कधी कारखान्यातल्या मुकादमाने, कधी कॉम्प्युटरने. मग जुळत नाही म्हणून जाब तिलाच विचारायचा?

अक्कांचा फॉर्म ६ मी त्याच आठवड्यात भरला. 'नवीन मतदार' म्हणून. १९८९ साली वयाची अट एकवीसवरून अठरावर आली, तेव्हापासून मत टाकणारी बाई, आणि कागदावर नवीन. कुंभारीचं लाइट बिल जोडलं. २० नोव्हेंबरला विधानसभेला त्या घरकुलातच मत देऊन आल्या आणि बोट दाखवायला मुद्दाम दुकानात आल्या.

गेल्या महिन्यात परत आल्या होत्या, नवीन सुनेला घेऊन. पोरगी बावीसची. माहेरी अक्कलकोटला यादीत नाव आहे. अक्कांनी विचारलं, "हिचं नाव काय घालायचं, अण्णा? आमच्यात लग्नात बदलतात."

म्हटलं, लग्नानंतर नाव बदलायला कुठलाच कायदा सांगत नाही. अक्कांनी सुनेकडे बघितलं. पोरगी काही बोलली नाही, फक्त आपलं मतदार कार्ड काउंटरवर पुढे सरकवलं. फॉर्म ८ भरला. पत्ता बदलला, नाव आहे तेच राहिलं.