विषय येतो, म्हणून शिकवता येते?

“ज्याला विज्ञान येते त्याला ते शिकवताही येते, प्रशिक्षण म्हणजे हजेरीपटावर सही करून वाया घालवलेला दिवस, आणि तेवढ्यात अभ्यासक्रम मागे पडतो,” अशा आशयाचा मजकूर शिक्षकांमध्ये वारंवार फिरत असतो. त्यात तीन वेगवेगळी विधाने आहेत आणि तिन्ही स्वतंत्रपणे तपासायला हवीत.

पहिले विधान विषयज्ञानाचे. ते लागतेच, याबद्दल वाद नाही. प्रश्न ते पुरते का, हा आहे. एका बॅटरीला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक, लावायचे ठरवावे आणि परिपथ पूर्ण करण्याआधी कोणता बल्ब अधिक उजळेल, असे वर्गाला विचारावे. अनेक विद्यार्थी “पहिला” म्हणतात, कारण पहिला बल्ब थोडी विद्युतधारा वापरून टाकतो आणि उरलेली पुढे जाते, अशी त्यांची पक्की समजूत असते. प्रत्यक्षात दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. ओहमच्या नियमावरची उदाहरणे फळ्यावर अचूक सोडवणारा शिक्षक या समजुतीला स्पर्शही करत नाही, कारण ती मनात बाळगूनही विद्यार्थ्याला सूत्रात किमती भरून बरोबर उत्तर काढता येते. बल्बच्या दोन्ही बाजूंना विद्युतधारा मोजणारा अॅमीटर लावून वाचन सारखेच येते हे दाखवल्यावरच ती डळमळू लागते, आणि तेही लगेच नव्हे.

विद्यार्थी नेमके कोठे अडखळतात याचे ज्ञान विषयज्ञानाहून वेगळे असते, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडले होते. फिलिप सॅडलर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात भौतिक विज्ञान शिकवणाऱ्या १८१ शिक्षकांना प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तर कोणते आणि विद्यार्थी कोणते चुकीचे उत्तर सर्वाधिक निवडतील, हे दोन्ही विचारले गेले. जेथे असा रुजलेला गैरसमज नव्हता तेथे विषयज्ञान पुरले. जेथे होता, तेथे दोन्ही ओळखणाऱ्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती.

दुसरे विधान अर्धे खरे आहे. “वर्गात नुसती व्याख्याने देऊ नका” हे दोन तासांच्या व्याख्यानातून ऐकवणारी प्रशिक्षणे निष्फळच ठरतात. परंतु हा दोष प्रशिक्षणाच्या रीतीचा आहे. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे आढळले. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांबली आणि निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटले. ही गोष्ट कळायला एक मिनिट पुरते, अंगवळणी पडायला मात्र आठवडे लागतात, कारण शांत वर्गासमोर तीन सेकंद फार मोठे वाटतात. त्यासाठी स्वतःचा तास ध्वनिमुद्रित करून सहकाऱ्याबरोबर ऐकणे, पुढच्या तासाला बदल करून पुन्हा ऐकणे, असे सातत्याचे काम लागते.

तिसरे विधान वेळेचे. वरचा बल्बचा प्रश्न चर्चेसह दहा मिनिटे घेतो, हे खरेच. मात्र स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. हे अभ्यास महाविद्यालयीन पातळीवरचे असल्याने ते आकडे शाळेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही अशा चर्चेवर खर्च केलेली मिनिटे परीक्षेत महाग पडतात, या दाव्याला त्यांतून आधार मिळत नाही.