खुलासा : 'स्कॅम 1992' आणि बँक रिसीट

'हर्षद मेहताने बँक ऑफ कराडच्या खोट्या बँक रिसीट दाखवून स्टेट बँकेचे 500 कोटी उचलले' असा मजकूर या शेअर दलालावरच्या 'स्कॅम 1992' मालिकेच्या नावाने फिरतो आहे. यात दोन वेगळ्या भानगडींची सरमिसळ झाली आहे.

बँक रिसीट म्हणजे 'रोखे (कर्जाचे कागद, उदा. सरकारी बाँड) विकले, पैसे मिळाले, रोखे नंतर देऊ' अशी विकणाऱ्या बँकेची लेखी हमी. हाताशी रोखेच नसताना ती दिली, तर घेणाऱ्याकडे नुसता कागद उरतो. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँकेने असे कागद दिले, पण ते मुख्यतः इतर दलालांच्या व्यवहारांतले.

स्टेट बँकेचा प्रकार निराळा. सरकारी रोख्यांची खरी नोंद रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात असते. स्टेट बँकेने आपली वही तिच्याशी ताडली तेव्हा रोखे कमी भरले. पैसे मेहताकडे गेले होते, रोखे आलेच नव्हते. ही तूट भरायला मेहताने वापरलेला पैसा नॅशनल हाउसिंग बँकेचा होता. धनादेश बँकेच्या नावाचा आणि रक्कम मात्र दलालाच्या खात्यात, ही त्या काळची सवय इथे सगळ्यात घातक ठरली. मालिका पाहताना नेमकी हीच बाब नजरेतून सुटते.

आणखी एक : घोटाळा उघड करणाऱ्या 23 एप्रिल 1992 च्या बातमीतले 500 कोटी म्हणजे अख्खा घोटाळा नव्हे. रिझर्व्ह बँकेने चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने सगळ्या बँकांचा मिळून काढलेला आकडा 4,000 कोटींच्या वर जातो, आणि तोही एकट्या मेहताचा नाही.