कॅटलिनच्या चित्रातल्या याऱ्या
तुमचा लेख झकास, पण त्यात चित्रकार जॉर्ज कॅटलिनच्या लॉकपोर्ट गावच्या चित्राला ‘निव्वळ निसर्गचित्र’ म्हणून निकालात काढलंय, ते काही पटलं नाही. खडकात खोल खणलेला चर आणि काठावर ओळीने उभ्या उंच लाकडी याऱ्या (दगड उचलायच्या क्रेन), हाच तर त्याचा विषय! अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या इरी कालव्याचं (बांधकाम १८१७ ते १८२५, लांबी ३६३ मैल) हा चर खणणं हेच सगळ्यात जिकिरीचं काम. सुरुंगाच्या दारूने कातळ फोडायचा आणि घोडा जुंपलेल्या यारीने दगड वर ओढायचे. मजुरांत आयरिश बरेच. सुरुंगाने किती जण जायबंदी झाले, याचा चित्रात मागमूस नाही. (कालवा पुरा झाला म्हणून काढलेल्या १८२५च्या गौरवग्रंथासाठी केलेलं शिळाछाप चित्र ते, त्यात काय दिसणार!) पुढे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची चित्रं काढून गाजला तो हाच कॅटलिन. चित्र जरा मोठं टाका की राव, याऱ्यांचे दोरसुद्धा धड दिसत नाहीत.