त्याला आधी ज्येष्ठमध द्या

किलस्विच एंगेज या अमेरिकन मेटलकोर (म्हणजे हेवी मेटल अधिक हार्डकोर पंक) बँडचा नवा अल्बम, 'धिस कॉन्सिक्वेन्स', यायला सहा वर्षं लागली आणि कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेत तो ऐकून संपवायला मला चार दिवस. १० गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. एवढ्यात आमच्याकडे साबुदाणासुद्धा भिजत नाही.

२१ फेब्रुवारी २०२५ ला आला. शुक्रवार, म्हणजे ऑफिस. शनिवारी दुपारी घर निजल्यावर मी हेडफोन चढवले, डोळे मिटले, पहिलं गाणं लावलं. काही ऐकूच येईना. आवाज वाढवला. अजून वाढवला. डोळे उघडले तर समोर आई. हेडफोन काढले तेव्हा कळलं, फोन जोडला गेला होता देवघरातल्या स्पीकरला. सकाळी ज्यातून रामरक्षा येते, त्यातून बँडचा गायक जेसी लीच येत होता, किंचाळत.

"काय होतंय रे त्याला?"

"काही नाही गं. गातोय."

"असा? घसा जाईल मेल्याचा."

असं ओरडण्याचंही तंत्र असतं, शिकावं लागतं, वगैरे मी सांगितलं. वर प्रामाणिकपणाच्या भरात हेही सांगून बसलो की २०१८ साली त्याच्या स्वरतंतूंची शस्त्रक्रिया झाली होती. तिथून पुढे आईच मेटलकोरची जाणकार! दर किंकाळीला, "दाढेखाली ज्येष्ठमध धर म्हणावं." मग कोरस आला आणि तोच गडी स्वच्छ सुरात गायला लागला. "बघ, येतंय की नीट! मग मघाशी काय धाड भरली होती?"

आतून बाबा ओरडले, "या वेळेला मिक्सर कोण लावतंय?"

तेवढ्यात बेल. वरचे काका. सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हापासूनचे सीझन पासवाले. आले होते भांडायलाच, पण नेमका ब्रेकडाउन सुरू झाला. म्हणजे सुसाट चाललेलं गाणं एकदम निम्म्या लयीवर येतं आणि गिटार अन् बेस ड्रम एकाच ठोक्यावर आपटायला लागतात. सोसायटीच्या पंपात हवा शिरली की होतं तसं, फक्त तालात. काकांचा हात आपोआप मांडीवर गेला. चप्पल न काढता दारातच उभं राहून त्यांनी दोन आवर्तनं मोजली.

"सम सापडली," ते म्हणाले. "पण आमच्यात आधी विलंबित, मग द्रुत. यांची वरात उलटी."

वीस वर्षं हे ऐकतोय, ब्रेकडाउन इतका नेमका कुणी सांगितला नव्हता. मी कौतुकाने बघत राहिलो. "आता बंद करा," काका म्हणाले.

रविवारी पाहुणे, सोमवारी पाहुण्यांचे राहिलेले डबे. मंगळवारी रात्री पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून एकदाचा ऐकला. सहाव्या गाण्याला वॉचमनने काचेवर टकटक केलं. "साहेब, घरी काही झालंय का?"

बुधवारी लिफ्टमध्ये काका भेटले.

"यांचा पुढचा कधी?"

"काय सांगणार? आधीचा २०१९ ला आला होता."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे २०३१. चला, तोवर दुपारी पडायला हरकत नाही."