नुसती व्हायोलिनं काढली म्हणून बँड होत नाही

“मोठा बँड म्हणजे व्हायोलिनं वगळलेला ऑर्केस्ट्रा” हे बँडवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आम्हा बेळगावकरांना बँड नवा नाही. मराठा लाइट इन्फंट्री या लष्करी रेजिमेंटचं केंद्रच इथं आहे.

सिंफनी ऑर्केस्ट्रात नव्वदेक वादक असतील तर साठाच्या आसपास तंतुवाद्यांवर असतात. पहिल्या व्हायोलिनची एकच ओळ चौदा-सोळा जण मिळून वाजवतात, फुंकवाद्यांत मात्र बहुधा ज्याची त्याची ओळ वेगळी. बँडमध्ये गठ्ठ्यानं बसतात ते क्लॅरिनेटवाले, पहिले-दुसरे-तिसरे असे विभागून, आणि व्हायोलिनचं बरंचसं काम त्यांच्याच गळ्यात. पण गज उलटा फिरवला की स्वर चालू राहतो, दमाचं तसं नाही हो! लांब स्वर तुटू नये म्हणून एका ओळीवरचे वादक आळीपाळीनं श्वास घेतात. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही, हीच खरी बँडची कारागिरी.

शिवाय सॅक्सोफोन आणि युफोनियम हे खालच्या सुराचं पितळी फुंकवाद्य, ही बँडची घरची मंडळी, ऑर्केस्ट्रात ती पाहुणी. वाद्य बनवणाऱ्या अडोल्फ सॅक्सनं १८४६ साली सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं आणि ते वाद्य आधी रुजलं ते लष्करी बँडांतच. युफोनियम तर आमच्याकडं लग्नाच्या वरातीतही दिसतो.

उघड्यावर व्हायोलिनचा आवाज विरतो, आणि इथल्या जुलैच्या दमट हवेत तारा सुरात ठेवणं म्हणजे शिक्षाच. काही बँडांत डबल बास हे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य असतं, तेवढा एक तंतुवाद्याचा अपवाद तरी लेखात यायला हवा होता.