प्रत्येकाला मुकादम आहे, म्हणून सगळ्यांचा एकच?

ईश्वराच्या अस्तित्वावरच्या लेखात म्हटलंय, "प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून सगळ्यांचं मिळून एक आदिकारण असलंच पाहिजे; याला तर्काने उत्तर नाही." उत्तर आहे की! आमच्या केज तालुक्यात दसरा झाला की कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात. प्रत्येक कोयत्याने कुठल्या ना कुठल्या मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. त्यावरून साऱ्या बीड जिल्ह्याचा मुकादम एकच आहे असं कुणी म्हटलं, तर ट्रॉलीवर बसलेली पोरंसुद्धा हसतील. 'प्रत्येकाला एक' यावरून 'सगळ्यांना मिळून एकच' असं निघत नाही. 'म्हणून' हा शब्द तिथे फुकट वापरलाय.

आणि ही खोट काढायला नास्तिकच लागतो असं नाही. घड्याला जसा कुंभार तसा जगाला कर्ता, हे अनुमान आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, मांडलं, उदयनाचार्यांनी त्याची भक्कम बांधणी केली. त्यावर रामानुजाचार्यांनी विचारलं, पृथ्वी-समुद्र हे सगळं एकाच वेळी एकाच कर्त्याने केलं कशावरून? पक्का विष्णुभक्त माणूस, तरी ईश्वर शास्त्रातूनच कळतो, अनुमानाने नाही, असं त्यांचं म्हणणं. लेखात अ‍ॅक्वायनस, कान्ट हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आहेत, पण आपल्या उदयन-रामानुजांचा पत्ताच नाही! बाकी मुळात काही नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सचा प्रश्न जास्त चिवट आहे, त्याला माझा मुकादम लागू पडत नाही. लेखकाने तो धरला असता तर वाद घालायला मजा आली असती.