सानफ्रेचेची मुळं १९९२च्याही आधीची

सानफ्रेचे या जपानी फुटबॉल क्लबवरच्या तुमच्या लेखातलं 'हिरोशिमाच्या सानफ्रेचेचा सुवर्णकाळ २०१२ साली सुरू झाला' हे वाक्य मला खटकलं. मोरियासू हाजिमे प्रशिक्षक असताना २०१२, २०१३ आणि २०१५ अशी जपानी लीगची तीन विजेतेपदं आली, ते खरंच. पण सानफ्रेचे हे नाव १९९२ साली घेतलेला हा क्लब मुळात माझदा गाड्या बनवणाऱ्या तोयो कोग्यो कंपनीचा कामगार संघ. १९६५ साली जपानची पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली, ती याच संघाने एकही सामना न हरता जिंकली आणि पुढची तीन वर्षंही करंडक हिरोशिमातच राहिला! अणुबॉम्ब पडून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. हा भाग गाळून क्लबचा इतिहास सांगताच येत नाही.

नव्या स्टेडियमबद्दल मात्र अगदी बरोबर लिहिलंय. मी नोकरीनिमित्त हिरोशिमात होतो तेव्हा सामन्यासाठी अ‍ॅस्ट्राम लाइन या शहरी रेल्वेने थेट शेवटच्या स्टेशनपर्यंत, डोंगरातल्या बिग आर्च या जुन्या स्टेडियमला जावं लागायचं. मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळे खेळाडू लांब दिसायचे, पावसात तर हाल व्हायचे. २०२४ पासून सामने शहराच्या मध्यात, किल्ल्याजवळ होतात. शेजारचे म्हातारे काका, तोयो कोग्योच्या काळापासूनचे चाहते, आता तिथे चालत जात असतील या विचारानेच फार बरं वाटलं.